सीएसआरवाल्यांना खुलं पत्र: पैसे द्यायचेच आहेत तर कोयता निघायच्या आधी द्या

प्रति,
पुण्या-मुंबईतल्या कंपन्यांच्या सीएसआर (नफ्यातून समाजकामाला द्यायचा निधी) कमिट्या, सीएसआर हेड आणि त्यांचे फायनान्समधले सहकारी यांना

नमस्कार,

मी बीड जिल्ह्यातल्या एका छोट्या संस्थेत काम करते. ऊसतोड कामगारांच्या मुलांचं शिक्षण हे आमचं काम आणि त्यात माझ्याकडे निधी उभारणी आहे, म्हणजे प्रपोजल लिहिणं, बजेटची शीट बनवणं, तुमच्या ऑफिसात येऊन प्रेझेंटेशन देणं, पैसे आले की रिपोर्ट आणि यूसी (पैसे खर्च झाल्याचा दाखला) पाठवणं, नाही आले की फॉलोअप करत राहणं. तुमच्यातल्या बऱ्याच जणांशी माझं बोलणं होत असतं. तुम्हाला कळकळ आहे हे मला माहितीये. हे पत्र कुठल्या एका कंपनीबद्दल नाही म्हणून कुणाचं नाव घेत नाहीये, पण मराठवाड्यातल्या कुठल्याही छोट्या संस्थेच्या माणसाला हे वाचायला द्या, तो म्हणेल की आमच्याकडे पण हेच चाललंय.

मुद्दा आधीच सांगून टाकते. पैसे येतात तेव्हा कामाचा हंगाम उलटून गेलेला असतो, आणि ज्या गोष्टींसाठी येतात त्या गोष्टींनी आमचं काम होत नाही. आणि हे बदलायला कायदा बदलायची गरज नाहीये, तुमच्या कमिटीने मनावर घेतलं तर एका मीटिंगमध्ये होईल.

ज्यांनी ऊसतोड जवळून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते, कारण सगळं त्यावरच अवलंबून आहे. दसरा झाला की आमच्याकडची गावं रिकामी व्हायला लागतात. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी या तालुक्यांतली माणसं मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे आणि पार कर्नाटकातल्या कारखान्यांवर जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. दिवाळीच्या आगेमागे गाळप सुरू होतं आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतं. घरी आजी-आजोबा धडधाकट असतील तर पोरं मागे राहतात, गावात हंगामी वसतिगृह वेळेत सुरू झालं असेल तर राहतात, नाहीतर ट्रॅक्टरमध्ये भांड्याकुंड्यांबरोबर बसून आईबापासोबत जातात. शाळेचं अर्ध्याहून जास्त वर्ष तिथेच गेलं. परत येऊन वर्गात बसतात पण तोपर्यंत बाकीची पोरं कुठल्या कुठे पुढे गेलेली असतात. असं दोन-तीन हंगाम झालं की पोरगं शाळेचं नाव काढत नाही, मग त्याच्याच हातात कोयता येतो, आणि पोरगी असेल तर लवकर लग्न, कारण जोडी झाली की उचल जास्त मिळते.

आमचं काम दोन ठिकाणी चालतं. गावात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये घरोघरी फिरून आईबापांना पटवायचं की पोराला ठेवून जा, वसतिगृह सुरू होतंय का ते बघायचं, जे जाणारच आहेत त्यांच्या हातात शाळेकडून शिक्षण हमी पत्रक (ते दाखवून दुसऱ्या गावच्या शाळेत बसता येतं) मिळतंय का ते बघायचं. आणि नोव्हेंबरपासून कारखान्याच्या तळावर, जिथे कोप्या म्हणजे तात्पुरत्या झोपड्या पडतात तिथे, वर्ग चालवायचे. म्हणजे आमचं अख्खं वर्ष सप्टेंबर ते मार्च आहे. एप्रिलनंतर तुम्ही आम्हाला कितीही दिलंत तरी तळावर शिकवायला पोरगं नसतं.

आता तुमच्याकडे काय होतं ते मला इतक्या वर्षांत पाठ झालंय. एप्रिल-मे क्लोजिंग आणि ऑडिट. जून-जुलैमध्ये बोर्डासमोर वर्षाचा प्लॅन. ऑगस्टमध्ये आम्हाला मेल येतो की प्रपोजल पाठवा. सप्टेंबरमध्ये कागदपत्रं. ऑक्टोबरमध्ये दिवाळी म्हणून फील्ड व्हिजिट पुढे. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये ड्यू डिलिजन्स, म्हणजे आमच्या संस्थेची तपासणी. जानेवारीत एमओयू म्हणजे करार तुमच्या लीगलकडे, फेब्रुवारीत व्हेंडर कोड तयार होत नाही म्हणून अडकलेला, आणि मार्चमध्ये पैसे. आधीच उल्हास त्यात फाल्गुन मास म्हणतात तसं, पैसे वीस-बावीस मार्चला येतात आणि त्याच मेलमध्ये 31 मार्चपर्यंत खर्च झाल्याची यूसी मागितलेली असते. 2024 ला गाळप 15 नोव्हेंबरला सुरू झालं आणि ऊस कमी असल्यामुळे बरेच कारखाने मार्चमध्येच बंद झाले. त्या हंगामात मार्चमध्ये पोचलेल्या पैशाचं आम्ही काय करायचं होतं सांगा. तळ उठला होता, टोळ्या घरी निघाल्या होत्या.

दहा दिवसांत पैसे खर्च करायचे असले की काय होतं हे तुम्हालाही माहितीये. वस्तू घेतल्या जातात. दप्तरं, टॅब, वॉटर प्युरिफायर, बेंच. कारण वस्तूचं बिल एका दिवसात मिळतं आणि शिकवण्याचं बिल मिळायला सहा महिने लागतात. म्हणून मग ज्या तळावर लाईटच नाहीये तिथल्या पोरांसाठी टॅब मंजूर होतात. म्हणून एकाच पोराकडे तीन वेगवेगळ्या कंपन्यांची दप्तरं असतात आणि आठवड्यातून सहा दिवस येणारी शिक्षिका नसते. मी वस्तूंच्या विरोधात नाहीये, थंडीत तळावर स्वेटर आणि ब्लँकेट लागतातच, पण ती नोव्हेंबरमध्ये लागतात.

तुमच्या फायनान्सवाल्यांचं म्हणणं मी बऱ्याचदा ऐकलंय की कायदाच तसा आहे, 31 मार्चच्या आत खर्च नाही दाखवला तर पेनल्टी बसते. थोडं थांबून कायदा बघू. कंपनी कायदा 2013, कलम 135. पाचशे कोटी नेट वर्थ किंवा हजार कोटी टर्नओव्हर किंवा पाच कोटी नफा असलेल्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के खर्च करायचे, हे 1 एप्रिल 2014 पासून आहे. जानेवारी 2021 मध्ये नियम कडक झाले, पेनल्टी आली, सीएफओने (कंपनीच्या वित्तप्रमुखाने) पैसे योग्य कामाला लागल्याचं सर्टिफाय करायचं आलं, संस्थेला नुसते पैसे पाठवले म्हणजे खर्च झाला असं धरता येत नाही हेही केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने स्पष्ट केलं. इथपर्यंत तुमची भीती मला समजते. पण त्याच नियमांमध्ये ऑनगोइंग प्रोजेक्ट नावाची सोय आहे ना. ज्या वर्षी सुरू झाला ते वर्ष सोडून पुढे तीन वर्षं चालणारा प्रोजेक्ट तुम्हाला मंजूर करता येतो. त्याचे पैसे मार्चअखेर शिल्लक राहिले तर 30 एप्रिलच्या आत वेगळ्या अनस्पेंट सीएसआर अकाउंटमध्ये टाकायचे आणि पुढच्या तीन आर्थिक वर्षांत खर्च करायचे. यात पेनल्टी नाही, डाग नाही. उलट एका वर्षासाठी मंजूर केलेला प्रोजेक्टसुद्धा बोर्डाने कारण देऊन पुढे वाढवला तर तो ऑनगोइंगमध्ये धरता येतो.

म्हणजे आमच्यासारख्या हंगामी कामासाठीच जणू केलेला नियम आहे हा, आणि तो वापरायला कुणी तयार होत नाही. का, तर वेगळं अकाउंट उघडावं लागतं, वार्षिक अहवालात वेगळा तक्ता द्यावा लागतो, आणि शिल्लक रक्कम दिसली की बोर्डावर कुणीतरी विचारतं की टीमने काम नाही केलं का. एका मॅडमनी मला फोनवर हे मनापासून सांगितलं होतं, त्यांना स्वतःला तीन वर्षांचा करार हवा होता पण वरती त्यांना म्हणाले की दरवर्षी नवीन बघू. मॅडम, हे पत्र तुमच्या वरच्यांसाठी पण आहे.

आता दुसरी गोष्ट, आणि माझ्या दृष्टीने ही पहिलीपेक्षा मोठी आहे.

आम्ही बजेट पाठवतो त्यात एक ओळ असते ह्युमन रिसोर्सची. त्यात तळावर शिकवणाऱ्या ताईंचं मानधन, दोन-तीन तळ सांभाळणाऱ्या कोऑर्डिनेटरचा पगार आणि अर्धवेळ अकाउंटंट. शीट परत येते तेव्हा ही ओळ लाल झालेली असते. शेजारी कॉमेंट, सॅलरी सपोर्ट करत नाही, कृपया अ‍ॅक्टिव्हिटी हेडमध्ये घ्या. कधी कॉमेंट असते की पाच टक्क्यांच्या आत बसवा. हा पाच टक्क्यांचा नियम नीट वाचायची विनंती आहे. तो तुमच्या कंपनीच्या सीएसआर विभागाच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चावर आहे. तुमचं ऑफिस, तुमची टीम, त्याचा खर्च एकूण सीएसआर खर्चाच्या 5 टक्क्यांवर जाऊ नये असं तो सांगतो. एखादा प्रोजेक्ट आखण्याचा, राबवण्याचा, त्यावर देखरेख ठेवण्याचा जो थेट खर्च आहे तो त्यात धरतच नाहीत असं व्याख्येतच लिहिलंय. तळावरच्या शिक्षिकेचं मानधन हा आमच्या प्रोजेक्टचा ओव्हरहेड कसा असेल, तोच तर प्रोजेक्ट आहे.

त्या ताई काय करतात ते सांगते. पहाटे चारच्या सुमाराला टोळी फडावर निघून जाते. कोप्यांमध्ये पोरं उरतात, आठ-नऊ वर्षांची पोरगी असते आणि तिच्या कडेवर सात-आठ महिन्यांचं भावंड. शाळेत चल म्हटलं तर ती म्हणते ह्याला कोण बघणार. म्हणून आमच्या ताईंनी काय केलं तर वर्गात बाळांना पण घ्यायला सुरुवात केली, ताडपत्रीच्या शेडच्या वाश्याला जुन्या लुगड्याच्या झोळ्या बांधल्या, पोरगी एका हाताने दोरी ओढत असते आणि दुसऱ्या हाताने पाटीवर हातच्याची बेरीज करत असते. बाळ रडायला लागलं की ताई त्याला घेऊन फिरतात आणि फिरता फिरता पाढे म्हणून घेतात. दुपारी तळावर फेरी मारून कोण आजारी आहे, कुणाला ताप आहे ते बघतात, नवीन टोळी आली असेल तर मुकादमाशी बोलून पोरांची नावं लिहून घेतात. ताई स्वतः ऊसतोड कुटुंबातल्या आहेत, बारावी झालेल्या आहेत, म्हणून बायका त्यांच्याकडे बाळ सोपवतात, दुसऱ्या कुणाकडे सोपवणार नाहीत. त्यांना आम्ही महिन्याला जे देतो ते सांगायची मला लाज वाटते, आणि तेही दोन-दोन महिने उशिरा. मागच्या हंगामात अशाच एक ताई जानेवारीत काम सोडून गेल्या, कारण त्यांच्या नवऱ्याने उचल घेतली होती आणि घरात पैसे पाहिजे होते. त्या स्वतः कोयता घेऊन गेल्या. त्यांच्या तळावरचा वर्ग तीन आठवडे बंद होता आणि त्याच काळात आम्हाला शंभर पोरांना पुरतील एवढे रंगपेटीचे सेट आले.

संस्थेचा अकाउंटंट म्हटला की अजूनच अवघड होतं. तुम्हाला तीन वर्षांचं ऑडिट हवं, तिमाही यूसी हवी, प्रत्येक बिलावर जीएसटी नंबर हवा, प्रोजेक्टचं वेगळं बँक अकाउंट हवं, आणि हे सगळं करणाऱ्या माणसाचा पगार कुणीच द्यायला तयार नाही. मग तो पगार कुठून येतो? आमच्या अध्यक्षांच्या पेन्शनमधून येतो, खरंच तिथून येतो. ब्रिजस्पॅन या सल्लागार संस्थेने 2021 मध्ये भारतातल्या मोठ्या संस्थांचा अभ्यास केला होता त्यात संस्था चालवायचा असा अप्रत्यक्ष खर्च कामाच्या प्रकारानुसार 5 टक्क्यांपासून 51 टक्क्यांपर्यंत निघाला होता. म्हणजे सरसकट पाच-सात टक्के सगळ्यांना लावणं याला काही आधार नाहीये.

व्हिजिटबद्दल थोडंच बोलते. तुम्ही या, नक्की या, तुम्ही आलात की ताईंना पण बरं वाटतं. पण येताना बॅनर, टीशर्ट आणि फोटोग्राफर घेऊन फडाची वेळ सोडून दुपारी बारा वाजता आलात तर पोरं उन्हात रांगेत उभी राहतात आणि आईबाप फडावर असतात, म्हणजे ज्यांच्याशी बोलायला पाहिजे ते भेटतच नाहीत. संध्याकाळी या, चुली पेटल्यावर. बायकांशी बोला. पोरांच्या चेहऱ्याचे फोटो वार्षिक अहवालात छापायच्या आधी आईबापांना विचारा, ते नाही म्हणू शकत नाहीत अशा परिस्थितीत असतात हे पण लक्षात घ्या. आणि कर्मचाऱ्यांनी एक दिवस येऊन भिंत रंगवली, फार छान, पण त्या तासांचे पैसे लावून सीएसआर खर्चात धरता येत नाहीत हे मंत्रालयाने 2021 च्याच खुलाशात सांगितलंय, त्यामुळे तो आकडा आमच्या रिपोर्टमध्ये टाकायला आम्हाला सांगू नका.

रिपोर्टमध्ये तुम्ही बेनिफिशियरी किती आणि माणशी खर्च किती विचारता. बरोबर आहे, हिशोब मागितलाच पाहिजे. पण आमच्याकडे आकडा स्थिर राहत नाही त्याचं कारण समजून घ्या. गाडी सेंटरच्या, म्हणजे बैलगाडीने ऊस वाहणाऱ्या, टोळ्या कारखान्याजवळ तळावर राहतात, तिथे पोरं बऱ्यापैकी टिकतात. डोकी सेंटरवाल्यांचा, म्हणजे डोक्यावर मोळ्या वाहून गाडी भरणाऱ्यांचा, मुक्काम फड संपला की हलतो, पंधरा दिवसांत टोळी पुढच्या गावाला. नोव्हेंबरमध्ये रजिस्टरला साठ नावं असतात, डिसेंबरात त्यातली वीस गेलेली आणि पंचवीस नवीन आलेली असतात. तुमच्या फॉर्मॅटमध्ये याला ड्रॉपआउट म्हणतात आणि आमचा रंग हिरव्याचा पिवळा होतो. ते पोरगं शिकणं सोडून गेलेलं नसतं, टोळीबरोबर गेलेलं असतं, आणि खरं काम हे आहे की ते पुढच्या तळावर पोचलं की तिथल्या ताईला फोन जावा की अमुक पोरगी येतेय, तिची वजाबाकी झालीये, तिथून पुढे घ्या. या फोनाफोनीला एक माणूस लागतो. त्याची ओळ पण लालच होते. आणि काही महिन्यांच्या वर्गात शिक्षणाचा मोजता येईल असा इम्पॅक्ट दाखवा अशी अट लहान लहान ग्रँटला घालू नका. कायद्यात इम्पॅक्ट असेसमेंट आहे ते सरासरी दहा कोटी किंवा त्याहून जास्त सीएसआर असलेल्या कंपन्यांना, एक कोटी आणि त्यावरच्या प्रोजेक्टला, आणि तेही प्रोजेक्ट पूर्ण होऊन वर्ष झाल्यावर. आमची ग्रँट असते आठ-दहा लाखांची.

अजून एक गोष्ट जी ऐकून ऐकून कंटाळा आलाय, ती म्हणजे तुमचा एरिया आमच्यात बसत नाही. कंपनीचा प्लँट चाकणला, रांजणगावला, वाळूजला, म्हणून खर्च तिथेच. 2022-23 मध्ये देशभरात जवळपास 30 हजार कोटी सीएसआरवर खर्च झाले आणि राज्यांमध्ये सगळ्यात मोठा वाटा महाराष्ट्राचा होता. त्यातलं आमच्या डोंगरपट्ट्यात किती पोचलं ते तुम्ही इथे येऊन बघा. केंद्र सरकारने मागास म्हणून निवडलेले आकांक्षित जिल्हे महाराष्ट्रात चार आहेत, गडचिरोली, नंदुरबार, वाशिम आणि आमच्या शेजारचा धाराशिव, त्यात बीड नाही, त्यामुळे तेही दार बंद. आणि आमची पोरं तर कुठल्याच एरियात बसत नाहीत, सहा महिने बीडची, सहा महिने कोल्हापूरची. कोल्हापूरवाले म्हणतात ही बाहेरची पोरं, बीडच्या बाजूने विचारलं तर म्हणतात ती आत्ता इथे नाहीयेत. कायद्यात आजूबाजूच्या भागाला प्राधान्य द्या असं आहे, पण हे प्राधान्य बंधनकारक नाही हे सरकारने स्वतः सांगितलंय. आणि साखर लागणाऱ्या कंपन्यांनी तर, म्हणजे बिस्किटं, कोल्ड्रिंक, चॉकलेट, औषधाची सिरप बनवणाऱ्या, त्यांनी तर हा भाग आपलाच समजायला पाहिजे, ती साखर ज्या हातांनी येते त्यांची ही पोरं आहेत.

कुणी म्हणेल की कंपन्यांवरच एवढं का अवलंबून राहता, लोकांकडून वर्गणी गोळा करा. करतो ना. पुण्यातले, संभाजीनगरचे निवृत्त शिक्षक, बँकेतले लोक, कुणी आईच्या वर्षश्राद्धाला, कुणी नातवाच्या वाढदिवसाला दोन-पाच हजार पाठवतात, त्यांचे उपकार आहेत. पण नवीन टॅक्स रिजीममध्ये 80जी ची, म्हणजे देणगीवरची आयकराची, सूट मिळत नाही, आणि 2023-24 पासून तीच रिजीम डीफॉल्ट झालीये. सूट नाही म्हणून सगळ्यांनी देणं थांबवलं असं नाही, पण मार्चमध्ये टॅक्ससाठी म्हणून जे पैसे यायचे ते आटलेत, हे आम्ही पावती पुस्तकातच बघतोय. त्यात प्रत्येक देणगीदाराचा पॅन घेऊन 31 मेच्या आत देणग्यांची माहिती देणारा 10बीडी फॉर्म भरायचा, उशीर झाला तर दिवसाला 200 रुपये. यात्रेत, सप्त्यात डबा फिरवून जमणारे पैसे या चौकटीत बसवताना नाकी नऊ येतात. परदेशातल्या पैशाचं तर 2020 च्या एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या) दुरुस्तीनंतर असं झालंय की मुंबईतली मोठी संस्था तो पैसा आमच्यासारख्यांना पुढे देऊच शकत नाही. देशातल्या देशात एका ट्रस्टने दुसऱ्याला दिले तरी 2023 पासून त्यातले 85 टक्केच खर्चात धरले जातात. म्हणजे छोट्या संस्थेकडे पैसा येण्याच्या बाकीच्या सगळ्या वाटा अरुंद झाल्यात आणि तुम्ही एकटे उरलात. म्हणून तुमच्या पद्धतीचा आमच्यावर इतका परिणाम होतो.

कागदपत्रांबद्दल एकच विनंती आहे. 12एबी, 80जी, सीएसआर-1, दर्पण, पॅन, धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी आणि शेड्यूल वन, घटना, तीन वर्षांची ऑडिट रिपोर्ट, विश्वस्तांचे आधार-पॅन. ही फाईल आमच्याकडे तयार असते. पण प्रत्येक कंपनीचं पोर्टल वेगळं, फाईलची साइज वेगळी, प्रत्येकाची थर्ड पार्टी एजन्सी वेगळी आणि तीच तपासणी परत परत. तुम्ही कंपन्या-कंपन्या एकमेकांच्या ओळखीच्या असता, पुण्यातल्या पाच-सहा कंपन्यांनी मिळून एकच ड्यू डिलिजन्स मान्य केला तर आमचे दोन महिने वाचतील आणि तुमचा पण खर्च वाचेल.

तर मागण्या अशा आहेत. एक वर्षाचा करार बंद करून तीन वर्षांचा करा, आणि ऑनगोइंग प्रोजेक्ट म्हणून मंजूर करा, म्हणजे दरवर्षी मार्चमध्ये तुमची आणि आमची धावपळ होणार नाही. हंगामी कामाचा पहिला हप्ता दसऱ्याच्या आधी द्या, सहीला उशीर होत असेल तर निदान एमओयू ऑगस्टमध्ये करा, ते पत्र दाखवून ताईंना आम्ही शब्द तरी देऊ शकतो. माणसांचे पगार खुशाल प्रोजेक्टचा खर्च म्हणून धरा, आणि आमच्यावर शंका असेल तर पगार थेट बँकेत गेल्याची स्टेटमेंट दर महिन्याला मागा, आम्ही देऊ. अकाउंटंटचा वाटा प्रत्येक कंपनीने थोडा थोडा उचला. वस्तू द्यायच्या असतील तर आधी यादी विचारा. आणि प्रोजेक्ट बंद करायचा असेल तर एक हंगाम आधी सांगा, नोव्हेंबरमध्ये तळावर वर्ग सुरू झाल्यावर बजेट कट झालं असा मेल पाठवू नका. त्या मेलनंतर पोरांना आम्ही काय सांगायचं असतं, ताईंना काय सांगायचं असतं याचा विचार कुणीतरी केला पाहिजे.

काही कंपन्या हे करतायत, हेही सांगायला पाहिजे. आम्हाला एका मध्यम आकाराच्या कंपनीने सलग तीन हंगाम ऑक्टोबरमध्ये पैसे दिले, मानधन मंजूर केलं, बॅनर मागितला नाही. त्या तळावर तीनही हंगाम एकच ताई टिकल्या आणि तिथून परत आलेली पोरं आपापल्या गावच्या शाळेत वयानुसार वर्गात बसली, मुख्याध्यापकांनी खाली बसवलं नाही. रक्कम मोठी नव्हती. आमच्याकडे त्यापेक्षा दुप्पट रक्कम मार्चमध्ये आलेली आहे आणि तिच्यातून असं काही उभं राहिलं नाही.

तुमच्या बोर्डापुढे वर्षाचा प्लॅन जायच्या आधी ज्यांना बोलायचंय त्यांनी आमच्याशी किंवा तुमच्या ओळखीच्या कुठल्याही छोट्या संस्थेशी बोला, ऊसतोडच पाहिजे असं नाही, वीटभट्टीवाल्यांचं, मेंढपाळांचं काम करणाऱ्यांना पण हेच सांगायचंय. येत्या हंगामाचं आमचं बजेट तयार आहे. त्यात यावेळी मानधनाची ओळ सगळ्यात वर ठेवलीये, ती लाल करायच्या आधी एकदा फोन करा.

आपली,
बीड जिल्ह्यातली एक कार्यकर्ती